मी फक्त हात काढून घेतो

राजाजीनगरातल्या त्या घरात मी सामान घेऊन शिरले, तेव्हा घरमालकिणीनं मला नियम वगैरे काही सांगितले नाहीत. तोंडात टाचण्या धरून, हातातल्या ब्लाउजवरची नजर न काढता त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी जास्त सांडलंस तर मी नळ बंद करत नाही हं. मी फक्त मोटर लावत नाही."

मला वाटलं गंमत करताहेत. मी हसले. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हसतेस काय? उद्या डोक्याला साबण लावून बसशील, मग कळेल."

खालच्या टाकीतलं पाणी वर चढवायची मोटर त्यांच्या दुकानात, शिलाई मशिनच्या मागं होती. त्याच आठवड्यात मी डोक्याला साबण लावून बसले.

मी जालन्याची. वडील लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर, आई घरोघरी पोळ्या करायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली, तेव्हा वडिलांची एकच अट होती, राहायचं ते मराठी माणसाच्या घरात. मराठी घर मिळालं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज मेट्रो, मग बस, मग पायी. ऑफिसातल्या मुली म्हणायच्या, "अगं, वेडी आहेस का? इकडे पीजी घे ना!" पहिले काही महिने मी वडिलांच्या शब्दासाठी तिथं राहिले. पुढं आक्कांसाठी राहिले. आता मी के. आर. पुरमला असते, नळाला चोवीस तास पाणी असतं, आणि पाणी सांडलं तर कुणी काही बोलत नाही. चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

सगळा रस्ता त्यांना आक्का म्हणायचा. वय सत्तरीच्या आसपास, पण आजी म्हटलेलं चालत नसे. घराण्यात मराठी बोलायचे, पण महाराष्ट्रात राहिलेलं कुणी त्यांच्या आठवणीत नव्हतं. कपड्याच्या धंद्यात कधीतरी इकडं आलेली ती माणसं. त्यांची मराठी ऐकून माझी आई फोनवर गोंधळायची. "स्वल्प थांब मा, टाका घालते आणि बोलते," असं आक्का तिला सांगायच्या आणि खरोखर टाका घालून झाल्यावरच बोलायच्या. तोपर्यंत आईनं जालन्यात फोन कानाला लावून उभं राहायचं.

घराच्या पुढच्या भागात त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. एकदा एक बाई तक्रार घेऊन आली. "आक्का, दंडात घट्ट झाला हो." आक्कांनी ब्लाउज उलटा करून बघितला, बाईकडं बघितलं, म्हणाल्या, "मी ब्लाउज घट्ट शिवत नाही. मी फक्त तू जाड होशील असं धरून चालत नाही." बाई रागावली नाही. खुर्चीत बसून पोट धरून हसली आणि आणखी दोन ब्लाउज टाकून गेली.

या बोलण्याचं मूळ कुठं आहे ते मला लवकरच कळलं. दुकानात कपाटावर एक टीव्ही होता. संध्याकाळी तिथं एक कानडी सीरियल लागायची, राजकारणाची. तिच्यात एक पुढारी होता, पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा, सगळे त्याला 'साहेब्रू' म्हणायचे. माणूस महाक्रूर. कुणाचा तरी काटा काढायचा असला की आधी शांतपणे पेलाभर ताक प्यायचा. त्यानं ताकाचा पेला उचलला की आक्का मशिनचं चाक हातानं थांबवायच्या. "गेला. आज कोण गेला बघ."

एका भागात त्याचा जुना कार्यकर्ता येतो. आयुष्यभर याचे झेंडे वाहिलेला, याच्या जिवावर निवडून आलेला आणि आता तिकीट कापलं गेलेला. तो रडत विचारतो, साहेब, मला का पाडलंत? साहेब्रू ताक पितो, मिशी पुसतो आणि म्हणतो, "मी कुणाला पाडत नाही. मी फक्त हात काढून घेतो."

मला तेव्हा कानडीतलं 'बेकु' आणि 'बेडा', म्हणजे पाहिजे आणि नको, आणि 'सरी', म्हणजे ठीक, एवढंच यायचं. आक्कांनी ते वाक्य मला मराठीत करून सांगितलं, आणि सांगताना साहेब्रूसारखी मिशीसुद्धा पुसली.

त्या एका वाक्यानं घर व्यापलेलं होतं. मोटर, ब्लाउज, भाजीवाला, गॅसवाला, सगळं त्याच साच्यातून निघायचं. मीटरवर न येणाऱ्या रिक्षावाल्याला त्या म्हणायच्या, "मी तुला जास्त सांगतोस असं म्हणत नाही अण्णा. मी फक्त बसत नाही." आणि खरंच चालायला लागायच्या, गुडघे दुखत असले तरी. घराला त्यांनी सरकारच करून टाकलं होतं. दूधवाल्याकडं दूधखातं, समोरच्या इस्त्रीवाल्याकडं गृहखातं, कारण गल्लीत कोण आलं कोण गेलं ते त्याला ठाऊक असायचं. माझ्याकडं पाणीखातं दिलं, म्हणजे टाकी भरली की मोटर बंद करायची. एका सकाळी मी फोनवर बोलत राहिले आणि टाकी वाहिली. संध्याकाळी परत आले तर आक्का दारातच. "मंत्रिमंडळात बदल झालाय. तू आता बिनखात्याची."

मी एकदा विचारलं, "आक्का, असल्या दुष्ट माणसात तुम्हाला आवडतं तरी काय?"

"आवडतो असं कोण म्हणालं? पण तो खरं बोलतो. बाकीचे काय करतात? पाडतात, आणि मग अय्यो पडला की म्हणत उचलायला पहिले धावतात. हा निदान बसून ताक पितो."

माझी डिग्री मी फ्रेम करून वरच्या माझ्या खोलीत लावली होती. वर आल्या तेव्हा आक्कांनी ती बराच वेळ बघितली. "एवढं काचेत घालून भिंतीवर? मी माझा पहिला ब्लाउज पण असा टांगला नाही." मला राग आला. मी सरळ सांगितलं, "आक्का, आमच्या घरात ही पहिली आहे. टांगणारच." त्या तशाच जिना उतरून गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायकांना त्या जिना दाखवायला लागल्या. "वर जाऊन बघून या. आमच्या पोरीची डिग्री. चपला काढून जा." रविवारी सकाळी मी केस विंचरत असताना अनोळखी बायका दारात उभ्या राहून माझी डिग्री बघायच्या आणि मान हलवून जायच्या.

ऑफिसातली एक गोष्ट मी त्यांना सांगितली ती आठवते. आमच्या टीममधला एक मुलगा मॅनेजरला नकोसा झाला होता. त्याला कुणी काही बोललं नाही, कामावरून काढलं नाही. फक्त नव्या प्रोजेक्टवर त्याचं नाव आलं नाही. मग त्याच्या पुढच्याही. तो रोज यायचा, लॅपटॉप उघडून बसायचा, कॉफी प्यायचा. शेवटी त्यानंच राजीनामा दिला. मॅनेजर आम्हाला म्हणाले, "इट वॉज हिज डिसिजन." मी आक्कांना सांगितलं तर त्या मशिनवर डोकं टेकून हसल्या. "तुमचा मॅनेजर पण आमची सीरियल बघतो काय?" हसू थांबल्यावर म्हणाल्या, "त्या पोराची आई कुठं असते?" मला ते माहीत नव्हतं.

आक्कांचा खरा जीव दुकानात नव्हता. तो मराठी मंडळाच्या हॉलमागच्या खोलीत होता. तिथं दुपारी त्या शिवण शिकवायच्या, फुकट. शाळा सुटलेल्या मुली, लग्न लवकर झालेल्या, धुणीभांडी करून येणाऱ्या बायका. मराठी बोलणाऱ्या थोड्या, कानडी, तमिळ, उर्दू बोलणाऱ्या जास्त. आक्का सगळ्यांवर सगळ्या भाषांत ओरडायच्या. कुणाकुणाकडून मागून आणलेल्या जुन्या मशिनी भिंतीकडेला रांगेत होत्या. त्या दुकानात मावल्या नसत्या, दुकानात आक्का स्वतःच जेमतेम मावायच्या.

त्यांची शिकवायची रीत साधी होती. नवी बाई मशिनवर बसली की कापडावर ठेवलेल्या तिच्या हातावर आक्का आपला हात ठेवायच्या आणि दोघींच्या हातांनी कापड पुढं सरकायचं. शिवण सरळ जायला लागली की न सांगता हात उचलायच्या. बाईला ते लगेच कळायचंच नाही. ती तशीच शिवत जायची आणि टोकाला पोचल्यावर मागं बघायची, तर आक्का भलत्याच कुणावर तरी ओरडत असायच्या. सुट्टीच्या दिवशी मी तिथं जाऊन बसायचे. माझ्या आईला असं कुणी कधी बसवलं नाही, एवढंच डोक्यात यायचं. त्यातली एक बाई आता घरी दोन मशिनी टाकून शाळेचे गणवेश शिवते. ती आक्कांना भेटायला यायची तेव्हा आक्का आधी तिची शिवण तपासायच्या, मग चहा.

ती खोली जाणार असं कानावर आलं तेव्हा मी पहिल्यांदा आक्कांना मशिनसमोर नुसतंच बसलेलं बघितलं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आक्कांचे सख्खे धाकटे भाऊ. आक्का त्यांना तम्मा म्हणायच्या, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. कापडाचं मोठं दुकान, गळ्यात साखळी, भारदस्त आवाज, पण मनानं वाईट माणूस नव्हे. आक्कांचे यजमान ऐन तिशीत गेले. मुलगा लहान, तो आता म्हैसूरला असतो. सासरच्यांनी मागच्या खोलीत पडून राहा म्हटलं. तेव्हा या भावानं आपल्या दुकानातलं मशिन सायकलला बांधून ढकलत इथवर आणलं आणि पुढची खोली उघडून आक्कांना त्याच्यापुढं बसवलं. 'आता रडू बेडा, शीव,' म्हणाला. हे आक्काच सांगायच्या, साहेब्रूची सीरियल संपल्यावर.

एका संध्याकाळी ते बायकोचे ब्लाउज न्यायला आले. मी तिथंच काजं करत बसले होते. आक्कांनी ब्लाउज दिले नाहीत, मांडीवर धरून ठेवले.

"खोलीचं ऐकते ते खरं काय तम्मा?"

"आक्का, स्वल्प समजून घे. हॉलचं छत गळतंय. ती कोचिंग क्लासवाली मुलं दर महिन्याला भाडं देणार आहेत. तुझ्या पोरी काय देतात?"

"माझ्या शिव्या खातात."

"थट्टा बेडा. समाजाचं काम आहे."

"मग माझ्या मशिनी कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"तुझं वय झालं आक्का. किती दिवस ओरडत बसणार त्यांच्यावर? आराम कर. सीरियल बघ."

"गणपतीत तू काय म्हणालास? मी अध्यक्ष आहे तोवर त्या खोलीला कुणी हात लावणार नाही म्हणालास."

"म्हणालो. आता त्यांनाही म्हणून बसलोय. कागद व्हायचाय अजून, पण अध्यक्षाचा शब्द गेलाय."

"आणि मला दिलास तो कुणाचा शब्द? इस्त्रीवाल्याचा?"

भाऊ हसले. आक्काही हसल्या, पण ब्लाउज मांडीवरच. शेवटी भाऊच ते उचलून घेऊन उठले आणि पायरी उतरताना म्हणाले, "रविवारी सभेला लवकर ये. तू आल्याशिवाय बायका बसत नाहीत."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. म्हणजे ते खरंच होतं, पण त्याचा अर्थ त्यांनाच कधी कळला नव्हता.

मंडळाची वार्षिक सभा अशी व्हायची. पुढं खुर्च्यांवर पुरुष, मागं सतरंजीवर बायका. पुरुष थोडेच, कारण बरेचजण थेट जेवणाच्या वेळेला येत. बायका मात्र आक्कांबरोबर वेळेवर येऊन बसायच्या. म्हातारे चिटणीस कागद नाकाला लावून पुढच्या वर्षासाठी अध्यक्षांचं नाव वाचायचे, "ज्यांना मंजूर त्यांनी हात वर करावेत" म्हणायचे आणि मान वर न करता "सर्वानुमते मंजूर" असं पुढचं वाक्य वाचायचे. ते आधीच लिहिलेलं असायचं. दरवर्षी आक्का पहिला हात वर करायच्या, मग सतरंजीवरचे सगळे. ते हात मोजायची वेळ कधी आलीच नाही. पुढच्या खुर्च्यांवरच्यांना वाटायचं मंडळ आपण चालवतो. बायकांनाही वाटायचं, तेच चालवतात.

शनिवारी वर्गातल्या आणि मंडळातल्या काही बायका दुकानात जमल्या. "आक्का, मग उद्या?"

"मी हात वर करणार नाही. तुम्ही तुमचं बघा."

"म्हणजे भावाच्या विरुद्ध?"

"विरुद्ध कुठं? दुसऱ्या कुणासाठी पण करणार नाही. हात मांडीवर. बस." मग डोळे बारीक करून, मिशी पुसल्यासारखं करत त्यांनी विचारलं, "साहेब्रू काय म्हणतात?"

सगळ्यांनी एका सुरात वाक्य म्हटलं. हशा झाला. कुणीतरी खरोखरच ताक आणलं. त्या संध्याकाळी आक्का इतक्या खुशीत होत्या की टाकी दोनदा भरली.

रविवारी मी त्यांच्या शेजारी सतरंजीवर होते. मी घरात राहायला आले तेव्हाच त्यांनी मला मंडळाची सभासद करून टाकलं होतं. हॉलच्या मागून पुरीचा आणि सागूचा, म्हणजे इकडच्या मिश्र भाजीचा, वास येत होता. टेबलावर अध्यक्षांसाठी शाल घडी करून ठेवलेली. चिटणिसांनी नाव वाचलं, हात वर करावेत म्हटलं आणि सवयीनं पुढचं वाचलं, "सर्वानुमते मंजूर."

टाळी झाली नाही. कारण टाळी पण मागूनच सुरू व्हायची.

"अहो, बघा तर जरा," पुढचे कुणीतरी म्हणाले. खुर्च्या करकरल्या. पुरुष वळून बघायला लागले. सतरंजीवर एकही हात वर नव्हता. कुणी रागात नव्हतं, कुणी घोषणा देत नव्हतं. बायका नुसत्या बसल्या होत्या, हात मांडीत, लग्नात फोटो काढताना बसतात तशा. पुढचे काही हात अर्धे वर होते, तेही हळूहळू खाली आले.

अध्यक्षांनी आधी सगळ्या बायकांकडं बघितलं, मग एका बाईकडं. आक्का त्यांच्याकडंच बघत होत्या. नजर त्यांनी चुकवली नाही, हे मी शेजारी बसून बघितलं. पण मांडीतले त्यांचे हात एकमेकांना इतके घट्ट धरून होते की बोटांची टोकं पांढरी झाली होती.

"मोजा," भाऊ चिटणिसांना म्हणाले. मोजायची गरज नव्हती. मग ते खुर्ची मागं सारून उठले, चपला शोधल्या आणि न जेवता गेले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक शांत इंजिनियर तिथल्या तिथं अध्यक्ष झाले. ते इतके घाबरले होते की शाल त्यांनी स्वतःच अंगावर घेतली, आणि खोलीचा विषय निघताच "ते राहू द्या, राहू द्या" म्हणाले. वर्ग वाचला. बायकांनी आक्कांना मिठ्या मारल्या. आक्कांच्या पानातला केसरीबात, इकडचा शिरा, तसाच राहिला.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. काही दिवसांनी सीरियलमध्ये तो जुना प्रसंग पुन्हा दाखवला. तोच कार्यकर्ता, तेच ताक, तेच वाक्य. आक्कांनी कात्री खाली ठेवली.

"खोटं बोलतो."

"काय?"

"हात काढून घेतला म्हणे. त्या माणसाचं सगळं वजन ह्याच्या हातावर होतं, हे ह्याला माहीत होतं की नव्हतं?"

"होतं."

"मग पाडलंच की."

मी म्हणाले, "आक्का, पण तुम्ही केलं ते बरोबरच होतं. एवढ्या बायकांचा वर्ग होता."

"बरोबर नव्हतं असं कोण म्हणतंय? बरोबरच होतं." त्यांनी कात्री उचलली, परत ठेवली. "पण मी केलं ना. आपोआप झालं नाही ते."

कॉलेजात मी बरंच काही शिकले, परीक्षा दिल्या, मार्क मिळवले. केलेल्या गोष्टीला केली म्हणायचं, एवढं सरळ वाक्य मला तिथं कुणी शिकवलं नव्हतं. आणि ऑफिसात तर त्याच्या बरोबर उलटं शिकवतात.

त्या दिवसापासून ते वाक्य बंद झालं. गिऱ्हाईक बायका आठवण करून द्यायच्या, "आक्का, तुमचा डायलॉग!" आक्का म्हणायच्या, "कुठला?" घट्ट ब्लाउजला त्या आता "चुकला, आण इकडं" म्हणायच्या. मला म्हणायच्या, "पाणी सांडलंस तर मोटर लावणार नाही मी." सीरियल मात्र बघायच्या. साहेब्रूशी भांडत बघायच्या.

दिवाळी आली. मला सुट्टी मिळाली नव्हती, घरूनच काम चाललं होतं. आमच्या रस्त्यावर भाऊबीज फक्त आमच्याच घरात असायची. शेजाऱ्यांकडं तो सण नाही. आक्का पहाटे उठून न्हाल्या, बुंदीचे लाडू केले, पाट मांडला, ताट तयार केलं. मी खाली येऊन जाऊन बघत होते. ताट तसंच. जेवायची वेळ झाली. ताट तसंच.

"यजमान गेले त्या वर्षी," आक्का एकदम बोलायला लागल्या, "सगळे म्हणाले, हिनं आता ओवाळायचं नाही. सासू, मामी, माझी आई पण. तम्मा आला. पोरगाच होता. पाट ओढून घेतला आणि सगळ्यांच्या मध्ये बसला. ओवाळ म्हणाला. निरांजन तिरकं झालं, तेल सांडलं त्याच्या शर्टावर." त्यांनी ताटातली वात सारखी केली. "त्यानंतर एक वर्ष चुकला नाही."

दुपार कलली तेव्हा त्या उठल्या. चांगलं पातळ नेसल्या, ताटावर रुमाल टाकला. "रिक्षा बोलाव."

"आक्का, भाऊ येतो बहिणीकडं. बहीण जात नाही."

"कुणी सांगितलं? रिक्षा बोलाव म्हटलं ना."

रिक्षात ताट मांडीवर धरून त्या सारख्या ड्रायव्हरला सांगत होत्या, "हळू अण्णा, हळू." भावाच्या घरी वहिनींनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. भाऊ बाहेरच्या खोलीत सोफ्यावर होते. उठले नाहीत.

"सभेत हात वर झाला नाही तुझा," ते म्हणाले. "आता ताट उचलून आलीस."

"आले."

"काय वाईट केलं होतं मी तुझं?"

"खोली देत होतास."

"दुकानात येऊन विचारतात लोक मला आक्का. म्हणतात, तुमच्या सख्ख्या बहिणीनंच..."

"पाडलं म्हणून सांग त्यांना," आक्का म्हणाल्या. "मी पाडलं तुला तम्मा. हात वर केला नाही, विरोध नव्हता, असलं काही सांगायला आले नाही मी. बसल्या जागी पाडलं. आणि परत त्या खोलीवर आलास तर परत पाडीन. आता पाटावर बसतोस, की सोफ्यावरच ओवाळू? गुडघे दुखताहेत माझे."

आतून वहिनींनी पाट आणून मध्ये ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं भाऊ उठले आणि पाटावर बसले. पण तोंड खिडकीकडं.

"वळ की इकडं."

ते वळले नाहीत. आक्कांनी निरांजन लावलं, पुढं वाकल्या आणि जेवढा चेहरा समोर होता तेवढ्यालाच कुंकू लावलं. ते कपाळाच्या कडेला, कानशिलाजवळ लागलं. अक्षता केसांत पडल्या. आक्कांनी ओवाळलं, लाडू ताटाच्या कडेला ठेवला आणि माझ्या खांद्याला धरून सरळ झाल्या. आम्ही दारातून बाहेर पडलो तेव्हा ते अजून तसेच बसले होते, खिडकीकडं बघत.

रिक्षात आक्का बोटाला लागलेलं कुंकू रुमालाला पुसत होत्या.

"वळले नाहीत हो," मी म्हणाले.

"नाही." सिग्नलला रिक्षा थांबली. "पण पुसलं नाही. बघितलंस ना तू?"

"बघितलं."

"सरी," आक्का म्हणाल्या, आणि पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल अण्णा, आता जोरात घे."